मागचा डावा ड्राइव्ह शाफ्ट: काढणं, उघडणं, परत बसवणं

३ फेब्रुवारी २०२४

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, मागचं सस्पेन्शन इंडिपेंडंट. डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या सांगाड्याला, पक्कं बसलेलं आणि तिथून दोन्ही चाकांकडे एकेक आखूड शाफ्ट. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेले असतानाही एकसारख्या गतीने फिरणारे सांधे. आतलं टोक डिफरन्शियलच्या फ्लँजला (बोल्ट लावायच्या चकतीला) सहा बोल्टांनी जोडलेलं, बाहेरचं टोक हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) दात्यांतून आरपार जाऊन मोठ्या नटाने आवळलेलं.

तक्रार अशी: ॲक्सिलरेटर दाबला की सीटखाली थरथर जाणवते, पाय उचलला की लगेच जाते. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असतं तर पाय कुठेही असो, ठरावीक वेगाला थरथर आलीच असती. इथे ती वेगापेक्षा जोराशी बांधलेली आहे, म्हणजे संशय जोर वाहून नेणाऱ्या भागांवर.

मागे दोन संशयित असतात: पुढून डिफरन्शियलपर्यंत येणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि हे आखूड ड्राइव्ह शाफ्ट. थरथरीच्या गतीवरून अंदाज येतो. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ११ फेरे घेतं. डिफरन्शियलचा रेशो तीनच्या आसपास असेल तर प्रॉपेलर शाफ्ट त्याच वेळी ३०पेक्षा जास्त फेरे घेतो. अकराचे ठोके अंगाला सुटे सुटे कळतात, तीसच्या वरचे मिळून एक गुणगुण होते. माझ्या सीटखाली ठोके होते. त्यामुळे आधी ड्राइव्ह शाफ्ट.

गाडीखाली गेल्यावर पुरावा समोरच होता. डाव्या आतल्या बुटाची (जॉइंटवरच्या घड्यांच्या रबरी आवरणाची) घडी फाटली आहे आणि काळं ग्रीस उडून सबफ्रेमवर, एक्झॉस्टच्या पाइपवर गोल पट्ट्यात पसरलंय. जॉइंटवर आडवा हात ठेवून शाफ्ट पुढे-मागे फिरवून पाहिला. डिफरन्शियलच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असतेच, तिच्यावरून जॉइंटला दोष देऊ नये. म्हणून तळहात फ्लँजवर आणि बोटं शाफ्टवर, असा हात ठेवायचा. दोन्ही सोबत हलले तर मोकळीक डिफरन्शियलची, बोटांखालचा शाफ्ट आधी हलला आणि फ्लँज नंतर, तर जॉइंटची. इथे शाफ्ट आधी हलत होता.

४ फेब्रुवारी

आज फक्त सामानाची जमवाजमव आणि मॅन्युअल वाचणं.

नवीन लागणार: हबचा नट, फ्लँजचे सहाही बोल्ट, दोन्ही बूट, क्लॅम्प, ग्रीस. आतला जॉइंट आतून कसा आहे ते उघडल्यावर कळेल. हबचा नट दुसऱ्यांदा वापरायचा नसतो. आवळल्यावर त्याची कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवतात, एकदा वाकलेली ती कड पुन्हा तशी धरत नाही.

बूट दोन्ही बदलणार, फाटला एकच असला तरी. या शाफ्टला बाहेरचा जॉइंट शाफ्टपासून वेगळा होत नाही. बाहेरचा बूटसुद्धा आतल्या टोकाकडूनच सरकवून चढवावा लागतो. आतला जॉइंट उतरवलेला असताना दहा मिनिटांचं हे काम आता टाळलं, तर पुढे तेवढ्यासाठी सगळा शाफ्ट पुन्हा काढावा लागेल.

ग्रीसबद्दल एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवतो. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. सीव्ही जॉइंटमध्ये गोळ्या चरांतून घरंगळतात तशा घसरतातही, आणि दाब फार मोठा असतो. त्यासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं काळं ग्रीस असतं. ते या बुटांच्या पाकिटात मोजूनच येतं. तीन रोलर असलेल्या ट्रायपॉड जॉइंटचं ग्रीस बऱ्याचदा वेगळं असतं, तेव्हा पाकीट कोणत्या जॉइंटचं आहे ते बघून घ्यावं.

रात्री हबच्या मध्यावरची टोपी काढून नटावर आणि दिसतील तेवढ्या दात्यांवर गंज सोडवणारं तेल सोडलं. ते रात्रभर मुरू दे.

१० फेब्रुवारी

सकाळी पुन्हा तेल. मग नटाची ठोकलेली कॉलर बारीक छिन्नीने खाचेतून वर उचलली. ही कड न उचलता नट फिरवला तर ती शाफ्टचे आटे खरवडत बाहेर येते.

नट सैल करताना चाक जमिनीवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला आणि धाकटा भाऊ ब्रेक पेडलवर. गोटी पान्याला लांब दांडा, दांड्यावर लोखंडी पाइप. हा नट आवळायचा टॉर्क या गाडीला २५० न्यूटन मीटर आहे, पण वर्षानुवर्षं गंजलेला नट सुटायला त्याहून पुष्कळ जास्त मागतो. मीटरभर लांबीवर ७५ किलोचा माणूस उभा राहिला की साधारण ७३५ न्यूटन मीटर होतात. टॉर्क रेंच या कामाला कधीच वापरू नये, त्याचं मोजमाप बिघडतं.

"दादा, दाबून धरलाय."
"सोडू नकोस, मी सांगेपर्यंत."

कड् असा आवाज आला आणि नट हलला. पाव फेऱ्यावर थांबलो. यापुढे सोडवणं गाडी उचलल्यावरच. या प्रकारच्या हबमध्ये बेअरिंगची आतली दोन कडी एकमेकांवर दाबून ठेवण्याचं काम शाफ्ट आणि हा नटच करतात. नट सैल असताना चाकावर वजन ठेवून गाडी ढकलली, किंवा शाफ्ट नसताना ती चाकावर उतरवली, तर चांगलं बेअरिंग वाया जातं.

मग गाडी जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोड्यांवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) ठेवली. जॅकवर असलेल्या गाडीखाली मी जात नाही. घोड्यांवर ठेवल्यावरही आधी बाजूने जोरात हलवून बघतो आणि मगच आडवा होतो. काढलेलं चाक सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) खाली सरकवून ठेवतो, तो आणखी एक आधार.

फ्लँजचे बोल्ट. डोक्याच्या आत बारा दाते आहेत, एक्सझेडएन बिट लागतं. त्या खळग्यांत माती आणि ग्रीस घट्ट बसलेलं होतं. टोकदार सळईने ते उकरलं, ब्रेक क्लीनर मारला, बिट हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी तळापर्यंत बसवलं आणि मगच दांडा लावला. बिट अर्धवट बसलं की दाते गोल होतात, आणि गोल झालेला बोल्ट इतक्या अडचणीच्या जागी काढणं फार त्रासाचं. एका वेळी वरचे दोनच बोल्ट हाताशी येतात. ते सैल करायचे, हँडब्रेक सोडून हब फिरवायचा, पुन्हा ब्रेक, पुढचे दोन. बोल्टांखाली दोन-दोन भोकांच्या पट्ट्या आहेत, त्या जपून ठेवल्या. सुटे करण्याआधी फ्लँज आणि जॉइंटवर रंगाची एक रेघ मारली.

डिफरन्शियलचं ऑइल सील कोरडं आहे. शाफ्ट फ्लँजला जोडलेला असल्यामुळे तो काढताना तेल सांडत नाही. ज्या गाड्यांत शाफ्ट सरळ डिफरन्शियलमध्ये घुसतो आणि आत सर्क्लिपवर (खोबणीत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्यावर) अडकतो, तिथे आधी तेल काढावं लागतं आणि दाते सीलच्या ओठाला लागू न देता शाफ्ट ओढावा लागतो. इथे तो प्रश्न नाही.

आतलं टोक खाली घेतलं आणि लगेच तारेने सबफ्रेमला टांगलं. शाफ्ट बाहेरच्या जॉइंटवर लोंबकळत सोडला तर जॉइंट आपल्या मर्यादेपलीकडे वाकतो.

११ फेब्रुवारी

शाफ्ट हबमधून बाहेर काढणं. या सगळ्या कामातलं अवघड असं हेच एक.

नट काढला, शाफ्टच्या टोकाला हाताने ढकललं. अर्थातच ढिम्म. इथे बहुतेक जण मोठा हातोडा उचलतात, आणि त्याच्या विरोधात मला मनापासून लिहायचं आहे. हब उभा आहे बेअरिंगवर. शाफ्ट दात्यांत गंजून धरलेला असताना त्याच्या टोकावर घाव घातला की तो घाव दात्यांतून हबला, हबमधून बेअरिंगच्या आतल्या कड्याला आणि तिथून गोळ्यांमार्फत बाहेरच्या कड्याला पोहोचतो. गोळी कड्याला अगदी एका बिंदूवर टेकते. एवढा झटका तिथे बसला की कठीण पोलादावरही बारीक खळगा उमटतो. त्या दिवशी काहीच कळत नाही. काही महिन्यांनी चाकातून घरघर सुरू होते आणि लोक म्हणतात, बेअरिंगची क्वालिटी खराब निघाली. आग लावून हब तापवणं तर त्याहून वाईट: बेअरिंगचं सील आणि ग्रीस जळतं.

पुलर वापरला. त्याचे पाय चाकाच्या बोल्टांच्या जागी हबला पक्के करायचे आणि मधल्या स्क्रूने शाफ्टचं टोक आत दाबायचं. इथे जोर शाफ्ट आणि हब यांच्यातच वाटला जातो, बेअरिंगमधून जात नाही. जुना नट टोकाशी सपाट होईल इतकाच चढवून ठेवला, म्हणजे आटे फुगत नाहीत. स्क्रू आवळला, ताण धरून ठेवला, दात्यांवर तेल सोडलं आणि चहाला गेलो. आल्यावर आणखी थोडं आवळलं. घाई केली नाही, कारण ताण असताना तेलाला आत शिरायला वेळ द्यावा लागतो. शेवटी एकदम ठक् आवाज होऊन शाफ्ट मिलिमीटरभर सरकला. त्यानंतर तो स्क्रूबरोबर सरळ येत गेला.

हबमधून दाते सुटले तरी शाफ्ट बाहेर निघायला जागा नव्हती. त्यासाठी ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा, खाली यायला हवा. आर्मखाली जॅक लावला, त्यावर भार घेतला, मग शॉक ॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढला आणि जॅक हळूहळू खाली सोडला. हा क्रम उलटा करता येत नाही. आर्म आणि बॉडी यांच्यात दाबलेली स्प्रिंग आहे आणि तिला आवरून धरणारा शॉक हाच शेवटचा दुवा असतो. ब्रेकच्या होजवर ताण येतोय का आणि एबीएसची वायर ओढली जातेय का, ते प्रत्येक टप्प्याला पाहिलं. सेन्सर आधीच काढून बाजूला बांधला होता. एक्झॉस्टचं मागचं रबर सोडून पाइप पट्ट्याने थोडा बाजूला घेतला. मग शाफ्ट आतल्या टोकाकडून तिरका होऊन खाली आला.

शाफ्ट आता बाकावर. गाडी घोड्यांवरच राहील.

१७ फेब्रुवारी

आतला जॉइंट उघडला. मागची पत्र्याची टोपी ठोकून काढली, सर्क्लिप पक्कडीने सोडवली, आतल्या कड्यावर दाब देऊन जॉइंट शाफ्टवरून उतरवला. उघडण्याआधी आतलं कडं, केज (गोळ्या धरून ठेवणारी खिडक्यांची रिंग) आणि बाहेरचं कडं या तिन्हींवर खूण केली. सहा गोळ्या ज्या चरातून निघाल्या त्या क्रमाने खणांच्या डब्यात.

फाटक्या बुटातून पाणी आणि बारीक वाळू आत गेली आहे. ग्रीस दोन बोटांत चोळलं की कचकच लागते. डिझेलने धुतल्यावर चर दिसले. चरात गोळीच्या वाटेचा चकचकीत पट्टा असतो, तो दोष नाही. त्यावर नख फिरवलं आणि कुठे अडकलं तर तो दोष. इथे जोर घेणाऱ्या बाजूच्या तीन चरांना खवले निघालेत, आणि केजच्या एका खिडकीत गोळी खडखडते. हा जॉइंट बाद. नवा लागेल.

हा आतला जॉइंट असा का असतो, ते हातात धरल्यावर चांगलं कळतं. चाक खड्ड्यात उतरतं, उंचवट्यावर चढतं, तेव्हा डिफरन्शियल ते हब हे अंतर बदलत राहतं. शाफ्टची लांबी त्याप्रमाणे बदलायला हवी. म्हणून आतला जॉइंट सरकणारा. याचे चर तिरके कापलेले आहेत, आतल्या कड्यावरचा एक डावीकडे झुकलेला तर त्याच्यासमोरचा बाहेरच्या कड्यावरचा उजवीकडे. गोळी या दोन चरांच्या छेदावर अडकून राहते आणि जॉइंट वाकला की आपोआप कोनाच्या बरोबर मधल्या पातळीत येते.

ती मधली पातळी महत्त्वाची. साध्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, म्हणजे ज्याला हूकचा जॉइंट म्हणतात त्यात, एक बाजू एकसारखी फिरत असली तरी दुसरी प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे पडते. २० अंशांच्या कोनाला हा फरक दोन्हीकडे सुमारे ६ टक्के होतो. प्रॉपेलर शाफ्टला असे दोन जॉइंट योग्य जुळणीत लावून एकाचा दोष दुसऱ्याने खोडता येतो. आखूड शाफ्टवर, जिथे चाक सतत वरखाली होतंय, तिथे दोन्ही कोन सारखे राहण्याची खात्री नसते. आल्फ्रेड झेप्पाने १९२०च्या दशकाच्या अखेरीस सहा गोळ्यांचा जो जॉइंट काढला, त्यात गोळ्याच मधल्या पातळीत धरल्या जातात आणि दोन्ही बाजू एकाच गतीने फिरतात. माझ्या शाफ्टचा बाहेरचा जॉइंट त्याच घराण्यातला आहे. मोठ्या कोनातसुद्धा चालणारी ही बिनचूक गती चरातल्या शतांश मिलिमीटरच्या घडणीवर उभी आहे, आणि तिच्यात वाळू शिरू न देण्याचं काम करतो एक रबराचा बूट.

१८ फेब्रुवारी

बाहेरचा जॉइंट शाफ्टवर असतानाच धुतला. बूट कापून काढला, जुनं ग्रीस पुसलं, डिझेल ओतून जॉइंट सगळ्या दिशांना वाकवला, ओतलं, पुन्हा. पूर्ण वाकवला की एकेक गोळी खिडकीतून वर येते. सहाही गोळ्या आणि चर टॉर्चच्या उजेडात पाहिले. गुळगुळीत, कुठेही खवला नाही. मागच्या शाफ्टवर बाहेरच्या जॉइंटला पुढच्या चाकांसारखं स्टिअरिंगबरोबर वाकावं लागत नाही, त्यामुळे तो सहसा बरीच वर्षं टिकतो. हाच पुन्हा वापरणार.

शेवटी ब्रेक क्लीनर आणि हवेचा झोत. आत डिझेलचा ओलावा राहिला तर नवीन ग्रीस पातळ होतं. म्हणून रात्रभर तसाच सुकत ठेवला.

२४ फेब्रुवारी

जोडणी. आधी बाहेरचा बूट. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळली, नाहीतर धारेवर बुटाचा ओठ चिरतो. ग्रीसचा जास्त भाग जॉइंटमध्ये, गोळ्यांच्या मागेपुढे बोटाने दाबून भरला, उरलेलं बुटात. बूट जिथे बसतो त्या खाचेवर ग्रीसचा थेंबही नको, तिथे कोरडं हवं. क्लॅम्प आवळण्याआधी बुटाच्या बारीक तोंडाखाली बोथट टोकाची सळई घालून अडकलेली हवा जाऊ दिली. हवा कोंडली तर बूट फुगतो. उलट, बूट चेपलेला असताना क्लॅम्प लावला तर घड्या आत ओढल्या जातात आणि एकमेकींना घासून झिजतात.

मग आतला बूट, वाटीसारखी स्प्रिंग वॉशर आणि नवीन जॉइंट. हा जॉइंट सुट्या भागांत आला होता. जुळवताना एक नियम आहे: चरांमधली जागा आळीपाळीने रुंद आणि अरुंद असते, आणि बाहेरच्या कड्याच्या रुंद जागेसमोर आतल्या कड्याची अरुंद जागा यायला हवी. उलटं बसवलं तर गोळ्या आत जातात पण जॉइंट सरकत नाही. बरोबर बसला की हाताच्या जोराने आतबाहेर सरकतो. आतल्या कड्याची उतरती धार शाफ्टच्या खांद्याकडे. नवीन सर्क्लिप खोबणीत पूर्ण बसली का ते तिला बोटाने फिरवून बघितलं. सरकणारा जॉइंट मधल्या स्थितीत ठेवून बुटाचे क्लॅम्प लावले.

हबचे दाते पोलादी ब्रशने साफ केले, चिंधीने पुसले. फ्लँजच्या बोल्टांची भोकं हवेने कोरडी केली. बंद भोकात तेल राहिलं तर बोल्ट तेलावर टेकतो, टॉर्क भरल्यासारखा वाटतो आणि फ्लँज मात्र आवळली गेलेली नसते.

शाफ्ट बाहेरच्या टोकाने हबमध्ये घातला. दाते जुळले. मग नवीन नट हाताने चढवून हळूहळू शाफ्ट आत ओढून घेतला. आतलं टोक रंगाच्या रेघेवर फ्लँजला लावलं, नवे बोल्ट, जुन्या पट्ट्या, समोरासमोरच्या जोड्यांनी दोन टप्प्यांत मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत. प्रत्येक बोल्टवर पांढरी रेघ.

आर्म जॅकने वर घेऊन शॉकचा बोल्ट घातला, पण पक्का आवळला नाही. त्यात रबरी बुश आहे. आर्म लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली उतरल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो. एबीएसचा सेन्सर आणि एक्झॉस्टचं रबर जागेवर.

हबचा नट: गाडी घोड्यांवर, भाऊ ब्रेकवर, आधी १०० न्यूटन मीटर, म्हणजे बेअरिंगची कडी एकमेकांवर बसली. मग चाक लावून गाडी जमिनीवर आणि पूर्ण २५०. साठ सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला एवढ्यासाठी साधारण ४२ किलोचा जोर लागतो. इम्पॅक्ट गनने हा नट आवळू नये. पुलर लावून झटक्यांपासून वाचवलेल्या बेअरिंगला शेवटी झटके देण्यात अर्थ नाही. कॉलर खाचेत ठोकली, टोपी बसवली. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॉकचा बोल्ट पूर्ण आवळला.

२५ फेब्रुवारी

चाचणी. आधी हळू, खिडक्या उघड्या ठेवून. मग चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर, कारण जॉइंटवर सगळ्यात जास्त जोर तिथेच येतो. थरथर गेली. ॲक्सिलरेटर एकदम दाबून-सोडूनही ठोका नाही. पुढे जाऊन मागे घेताना जो खट् आवाज यायचा, त्यातला आता डिफरन्शियलच्या मोकळिकीचा बारीकसा उरलाय, तो आधीपासूनचा.

परतल्यावर हब हाताला जेमतेम कोमट, दुसऱ्या बाजूइतकाच. खाली जाऊन बघितलं: बुटांच्या तोंडाशी ग्रीस नाही, बोल्टांवरच्या रेघा जागेवर.

१६ मार्च

बरंच अंतर धावल्यावर पुन्हा खालून पाहिलं. फ्लँजच्या बोल्टांवरच्या रेघा सरळ, क्लॅम्प घट्ट, हबच्या नटाची कॉलर खाचेत आहे तशीच. चाक दोन्ही हातांनी वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगमध्ये खेळ नाही आणि फिरवताना आवाजही नाही.

उजव्या शाफ्टचे बूट दोन बोटांनी ताणून तपासले. आतल्या बुटाच्या घड्यांच्या तळाशी बारीक तडे दिसतात, अजून आरपार गेलेले नाहीत. ग्रीस आतच आहे आणि जॉइंटमध्ये खेळ नाही. म्हणजे तिथे अजून फक्त बुटांचं काम आहे, जॉइंट वाचवता येईल. बुटांचे दोन संच, नट आणि सहा बोल्ट मागवले. ते हातात आले की उजवी बाजू.